अ‍ॅनिमेशन आणि व्हिडिओ एडिटिंगसाठी वर्कस्टेशन: भाग निवडण्यापासून पहिल्या रात्रभराच्या रेंडरपर्यंत

दुकानात जाऊन "हाय-एंड पीसी जोडून द्या" एवढंच सांगितलं, तर बहुतेक वेळा हाती गेमिंगचा पीसी येतो. आठ कोअरचा रायझन ९८००एक्स३डी, ३२ जीबी रॅम, काचेचं कॅबिनेट आणि रंगीबेरंगी पंखे. गेमसाठी तो प्रोसेसर अव्वल आहे, वादच नाही. पण प्रोसेसरवर रेंडर (सीनमधून तयार फ्रेम काढण्याचं काम) लावलात की सोळा कोअरचा ९९५०एक्स त्याला फार मागे टाकतो, आणि आफ्टर इफेक्ट्स या मोशन ग्राफिक्सच्या सॉफ्टवेअरला ३२ जीबी रॅम एका घासाला पुरत नाही.

इथे एक ठरावीक उदाहरण धरतो: ब्लेंडरमध्ये थ्रीडी अ‍ॅनिमेशन, थोडं आफ्टर इफेक्ट्स, आणि दाविंची रिझॉल्वमध्ये ४के एडिटिंग व कलर, सगळं एकाच मशिनवर. तुम्ही माया किंवा प्रीमियर वापरत असाल, तरी हिशोब फारसा बदलत नाही.

पायरी १: आपण नक्की कुठे ताटकळतो ते बघा

सध्याच्या मशिनवर नेहमीचं काम सुरू करा आणि शेजारी विंडोजचा टास्क मॅनेजर उघडा ठेवा. काम अडतं त्या क्षणी कोणता आकडा शंभराला टेकलाय? प्रोसेसर, मेमरी, डिस्क, की ग्राफिक्स कार्ड? ग्राफिक्स कार्डाच्या पानावर 'व्हिडिओ डीकोड' आणि 'डेडिकेटेड मेमरी' असे वेगळे आलेख असतात, तेही बघा. पैसे कुठे घालायचे ते इथेच कळतं.

अ‍ॅनिमेशनचा हिशोब कागदावर मांडा. सेकंदाला २५ फ्रेम धरल्या तर एका मिनिटाच्या १,५०० फ्रेम होतात. एका फ्रेमला पाच मिनिटं लागली, तर १२५ तास, म्हणजे पाच दिवस पाच तास. तीच फ्रेम एका मिनिटात निघाली तर २५ तास. क्लायंटने "पात्राच्या शर्टाचा रंग बदला" म्हटलं की हा हिशोब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, म्हणून थ्रीडीवाल्याने ग्राफिक्स कार्डावर हात आखडता घेऊ नये.

एडिटिंगचं दुखणं वेगळं असतं. आजचे बरेच कॅमेरे एच.२६५ या दाबून साठवण्याच्या पद्धतीत १०-बिट ४:२:२ (रंगाची जास्त माहिती ठेवणारं) फुटेज देतात. त्यात प्रत्येक फ्रेम पूर्ण साठवलेली नसते. मागच्यापुढच्या फ्रेमवरून ती उलगडावी लागते. या कामासाठी चिपमध्ये वेगळा डीकोडर असतो, आणि नेमका ४:२:२ चा डीकोडर एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० मालिकेत नव्हता. तो ५० मालिकेत आला. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या क्विक सिंक या व्हिडिओसाठीच्या भागात तो अकराव्या पिढीपासून आहे. त्यामुळे महागडं जुनं कार्ड बसवूनही टाइमलाइन अडखळते, आणि साधा इंटेल लॅपटॉप तेच फुटेज सुरळीत चालवतो. रिझॉल्वमध्ये अशा फुटेजसाठी पैसे भरून घ्यायची स्टुडिओ आवृत्ती धरूनच बजेट करा.

पायरी २: ग्राफिक्स कार्ड

कार्ड निवडताना वेगाआधी मेमरी बघा. सीनमधली सगळी भूमिती, टेक्स्चर, केस, धूर हे कार्डाच्या मेमरीत मावलं पाहिजे. मावलं नाही तर रेंडर एकतर बंद पडतं, नाहीतर साध्या रॅमचा आधार घेत रखडतं. आरटीएक्स ५०९० मध्ये ३२ जीबी आहे. ५०८० आणि ५०७० टीआय, दोन्हींत १६ जीबी. म्हणून ५०९० परवडत नसेल, तर मी ५०८० सोडून ५०७० टीआय घेईन आणि उरलेले पैसे रॅममध्ये टाकीन. मेमरी तेवढीच मिळते, वेगात थोडी तडजोड होते.

दोन कार्डं लावली तर मेमरीची बेरीज होत नाही. ४० आणि ५० मालिकेच्या या कार्डांना एनव्हीलिंक (दोन कार्डं थेट जोडणारा दुवा) नाही. १६ अधिक १६ इथे १६च राहतात, फक्त फ्रेम लवकर निघतात. एएमडीची कार्डं ब्लेंडरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये चालतात, पण एनव्हिडियाचं ऑप्टिक्स (कार्डावर रेंडर वेगाने करणारं तंत्र) अजून पुढे आहे आणि विंडोजवरचं ऑक्टेन हे रेंडर इंजिन तर एनव्हिडियाशिवाय चालत नाही.

पायरी ३: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम

दोन पर्याय सरळ आहेत: एएमडीचा रायझन ९ ९९५०एक्स (१६ कोअर, ३२ थ्रेड) किंवा इंटेलचा कोअर अल्ट्रा ९ २८५के (२४ कोअर, त्यातले ८ वेगवान). एडिटिंग जास्त आणि कार्ड जुनंच ठेवणार असाल, तर क्विक सिंकसाठी इंटेल. नवं ५० मालिकेचं कार्ड घेणार असाल, तर मी एएमडी घेईन. एएमडीचा याहून मोठा प्रोसेसर, थ्रेडरिपर, ऐकायला भारी वाटतो, पण दोन-तीन कार्डं किंवा २५६ जीबीच्या वर रॅम लागत नसेल, तर तो नाकापेक्षा मोती जड.

रॅम घेताना चार पट्ट्यांचा मोह टाळा. ९९५०एक्सची अधिकृत वेगमर्यादा दोन पट्ट्यांना डीडीआर५-५६०० आहे. चार लावल्या की ती ३६०० वर येते. म्हणून ४८ जीबीच्या दोन, म्हणजे ९६ जीबीचा एकच किट घ्या. "आत्ता दोन, पुढच्या वर्षी आणखी दोन" हा बेत डीडीआर५ मध्ये फसतो.

९६ जीबी कशाला? ४के ची एक फ्रेम १६-बिटमध्ये सुमारे ६६ एमबीची होते. २५ फ्रेमचा एक सेकंद म्हणजे १.६ जीबीहून जास्त. आफ्टर इफेक्ट्सच्या प्रीव्ह्यूला ६० जीबी मोकळी मिळाली, तर जेमतेम ३६ सेकंद मेमरीत राहतात.

मदरबोर्ड घेताना त्याच्या मॅन्युअलमधलं एक पान खरेदीआधीच वाचा: कोणत्या एम.२ खाचेत (एसएसडीची बोर्डावरची जागा) एसएसडी बसवली की ग्राफिक्स कार्डाच्या लेन, म्हणजे माहिती ये-जा करायच्या वाटा, १६ वरून ८ होतात. हे दुकानात कोणी सांगत नाही.

पायरी ४: डिस्क

तीन एनव्हीएमई एसएसडी वेगवेगळ्या घ्या: विंडोज व सॉफ्टवेअरला एक, चालू प्रोजेक्टला एक, कॅशला (प्रीव्ह्यूच्या तात्पुरत्या फाइलींना) एक. कॅशची डिस्क सतत लिहिली-पुसली जाते, त्यामुळे ती आधी झिजणार. तिच्यावर प्रोजेक्ट ठेवू नका. पीसीआयई ४ ची डिस्क सेकंदाला ७ जीबीच्या आसपास वाचते, आणि ते पुरेसं आहे. प्रोरेस ४२२ एचक्यू या एडिटिंगच्या फॉरमॅटमधलं ४के फुटेज २५ फ्रेमला सेकंदाला अवघे ९२ एमबी मागतं. तासाला मात्र सुमारे ३३२ जीबी जागा खातं, म्हणून वेगापेक्षा जागेला पैसे द्या. जुन्या कामांसाठी मोठ्या हार्ड डिस्क लागतीलच, आणि एक प्रत घराबाहेर.

पायरी ५: वीज

इथे काटकसर करणारे पुढे जास्त पैसे मोजतात. बेरीज करा: ५०९० चे ५७५ वॅट, ९९५०एक्सचे पूर्ण भारावर २००, बाकी सगळं मिळून शंभरेक. पावणेनऊशे झाले. त्याला १,२०० वॅटचा, ८० प्लस गोल्ड (वीज कमी वाया घालवणाऱ्या) दर्जाचा, एटीएक्स ३.१ या मानकाचा पॉवर सप्लाय लागेल. ५०७० टीआय ३०० वॅटचं आहे, त्याला ८५० वॅट पुरे.

यूपीएसवर छापलेला 'व्हीए' म्हणजे वॅट नव्हेत. १,००० व्हीएचा यूपीएस बऱ्याचदा ६०० वॅटच पेलतो. ५०९० च्या मशिनसाठी २,००० व्हीए किंवा त्याहून मोठा घ्या आणि तो 'प्युअर साइन वेव्ह'चा आहे ना ते विचारा. नकली साइन वेव्हवर काही चांगले पॉवर सप्लाय वीज जाताच बंद पडतात. मशीन लावण्याआधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर आधी ते दुरुस्त करा.

खरेदी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा की ऑनलाइन, जीएसटीच्या बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि वॉरंटी भारतातली आहे याची खात्री करा. भाव वारंवार बदलतात, त्यामुळे जुन्या कोटेशनवर विसंबू नका.

पायरी ६: जोडणी

लाकडी टेबल, भरपूर उजेड आणि निवांत दुपार. अधूनमधून कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावत राहा, म्हणजे अंगातली स्थिर वीज निघून जाते. कोकणातल्या पावसाळ्यात तिचा त्रास कमी. विदर्भातल्या कोरड्या थंडीत मात्र मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधाच.

बरीच जोडणी बोर्ड कॅबिनेटबाहेर असतानाच उरका. एएम५ मध्ये, म्हणजे ९९५०एक्सच्या सॉकेटमध्ये, पिना प्रोसेसरवर नसून सॉकेटमध्ये असतात, त्यांना बोट लागू देऊ नका. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवा, अलगद ठेवा, दाबू नका. दांडा खाली करताना बराच जोर लागतो, ते स्वाभाविक आहे. वरचं प्लॅस्टिकचं झाकण आपोआप सुटतं. ते जपून ठेवा, बोर्ड वॉरंटीत द्यायचा झाला तर मागतात.

रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरकडून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. मुख्य एसएसडी प्रोसेसरलगतच्या एम.२ खाचेत, आणि तिच्यावरच्या हीटसिंकच्या पॅडची पातळ फिल्म सोलून. कूलरच्या तळाशीही अशी फिल्म असते. ती तशीच ठेवून कूलर कसणारे कमी नाहीत, आणि मग तापमान का चढतंय म्हणून पेस्ट बदलत बसतात.

३६० मिलिमीटरचा लिक्विड कूलर असेल तर रेडिएटर कॅबिनेटच्या छताला लावा. बोर्ड आत बसवण्याआधी पितळी स्टँडऑफ (बोर्ड टेकवायचे छोटे खांब) बोर्डाच्या भोकांशी जुळतात का बघा; एखादा जास्तीचा राहिला तर बोर्ड शॉर्ट होऊ शकतो. प्रोसेसरच्या आठ पिनी केबल वरच्या डाव्या कोपऱ्यात जातात. तिथे नंतर बोटं शिरत नाहीत, म्हणून त्या आधी ओवून घ्या.

पॉवर सप्लायच्या केबल फक्त त्याच्याच खोक्यातल्या वापरा. जुन्या सप्लायची केबल प्लगमध्ये बसली तरी आतली मांडणी वेगळी असू शकते, आणि एका क्षणात डिस्क जळते.

ग्राफिक्स कार्ड सगळ्यात शेवटी, वरच्या लांब खाचेत. त्याची १६ पिनी केबल पूर्ण आत जाईपर्यंत दाबा. प्लग आणि सॉकेटमध्ये फट दिसता कामा नये. प्लगपासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत केबल वाकवू नका. २०२२ मध्ये आरटीएक्स ४०९० चे प्लग वितळल्याच्या तक्रारी आल्या, त्यात अर्धवट बसलेला प्लग हे मोठं कारण निघालं. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, बोर्डाला नको.

पायरी ७: पहिली सुरुवात आणि परीक्षा

बटण दाबल्यावर काही मिनिटं पडदा काळाच राहील. डीडीआर५ ची रॅम तेव्हा स्वतःला जुळवून घेत असते. घाबरून वीज बंद करू नका. मग बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) नवा करा, रॅमचं एक्स्पो प्रोफाइल (तिच्या छापील वेगाची सेटिंग) सुरू करा. नागपूरसारख्या ठिकाणी, एसी नसलेल्या खोलीत काम असेल तर प्रोसेसरचा १०५ वॅटचा इको मोड लावा: वेग थोडा घटतो, उष्णता बरीच. मशीन भिंतीतून आठशे वॅट ओढतं तेव्हा ते सगळे उष्णता होऊन खोलीतच राहतात.

विंडोजनंतर एनव्हिडियाचा 'स्टुडिओ' ड्रायव्हर घाला. एक रात्र मेमटेस्ट८६ ही रॅमची चाचणी चालू ठेवा; एक जरी चूक दिसली तर एक्स्पो बंद करून पुन्हा चाचणी घ्या, तरीही चूक आली तर रॅम बदलून घ्या. दुसऱ्या दिवशी अर्धा तास सिनेबेंच (प्रोसेसरची चाचणी), मग ब्लेंडरचा बेंचमार्क, आणि ब्लेंडर ओपन डेटा या संकेतस्थळावर त्याच कार्डाचे इतरांचे आकडे ताडून बघा. तुमचा आकडा फारच खाली असेल तर कार्डाच्या लेन आणि तापमान तपासा. ९९५०एक्स ९५ अंशांपर्यंत जातो, ती त्याची ठरवलेली मर्यादा आहे. तिथेच अडून वेग गळत असेल तर कूलर पुन्हा बसवा.

ब्लेंडरच्या प्रेफरन्सेसमध्ये, सिस्टमखाली ऑप्टिक्स निवडून कार्डावर टिक करा. हे आपोआप होत नाही. रिझॉल्व आणि आफ्टर इफेक्ट्सची कॅश तिसऱ्या एसएसडीवर वळवा. आणि रात्रभराचं रेंडर थेट एमपी४ मध्ये लावू नका, प्रत्येक फ्रेमची वेगळी ईएक्सआर किंवा पीएनजी फाइल काढा. आउटपुटमधलं 'ओव्हरराइट' बंद ठेवलं, तर पहाटे वीज गेली आणि यूपीएसही संपला, तरी सकाळी शेवटची अर्धवट फाइल पुसून रेंडर पुन्हा सुरू करायचं. ब्लेंडर झालेल्या फ्रेम सोडून पुढे जातो.