आधी अंदाज लिहा, मग पान उलटा

स्वतःचे पूर्वग्रह, म्हणजे विचार करतानाच्या ठरावीक चुका, ओळखायला कुठलं पुस्तक वाचावं, असं विचारतात. पण पूर्वग्रहांची नावं पाठ केली की दुसऱ्याला गप्प बसवता येतं, स्वतःला काही कळत नाही. म्हणून पुस्तकाआधी एक शंभरपानी वही घ्या.

डाव्या पानावर तारीख, अंदाज आणि खात्रीचे टक्के लिहा: 'खानापुरात अमुकच निवडून येणार, ७० टक्के.' उजवं पान निकालासाठी कोरं ठेवा. लिहायचं पेनानंच, कारण आठवण लबाड असते. १९७२ मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष निक्सन चीन आणि रशियाला निघाले, त्याआधी फिशहॉफ आणि बेथ या संशोधकांनी लोकांकडून अंदाज लिहून घेतले. नंतर तेच आठवायला सांगितलं, तर जे घडलं त्याला आपण आधीच जास्त टक्के दिले होते, असं बऱ्याच जणांना वाटलं.

बेळगावच्या सीमाभागात एक सोय आयती आहे: मराठी आणि कन्नड दोन्ही वाचणारी माणसं. १ नोव्हेंबरला एकीकडे कर्नाटकाचा राज्योत्सव, दुसरीकडे मराठी भाषकांचा काळा दिन. त्या दिवसाची बातमी दोन्ही भाषांतल्या पेपरांत वाचा. ज्यानं डोकं तापतं तो पेपर आधी. आपल्या बाजूचा आधी वाचला की दुसऱ्यात नुसत्या चुकाच दिसतात. विशेषणं आणि गर्दीचे आकडे अधोरेखित करा. दोघांनाही मान्य असलेलं तेवढंच वहीत उतरवा. चार ओळीसुद्धा भरत नाहीत बहुतेकदा.

मग कट्ट्यावर हा खेळ करा. '२, ४, ६ एका नियमात बसतात. तुम्ही आकडे सुचवा, मी हो-नाही सांगतो, नियम ओळखा.' लोक ८, १०, १२ विचारतात आणि 'दोन-दोननं वाढ' म्हणून मोकळे होतात. नियम असतो फक्त चढत्या क्रमाचा. ३, २, १ विचारून स्वतःला खोटं पाडायला कुणी बघतच नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांच्या १९६० च्या प्रयोगात २९ पैकी ६ जणांनाच पहिल्या झटक्यात जमलं.

पुस्तकांसाठी सार्वजनिक वाचनालयात जा, दर महिन्याला वेगळं कपाट: चरित्र, शेती, खटले, कादंबरी. मानसशास्त्र शेवटी, आणि तेही जपून. नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांनीही २०१७ मध्ये कबूल केलं की आपल्या पुस्तकात काही ठिकाणी फार लहान नमुन्यांच्या प्रयोगांवर जास्त भरवसा ठेवला गेला.

७० टक्क्यांचे तीसेक अंदाज साठल्याशिवाय हिशेब करू नका. एकवीसच्या आसपास बरोबर आले तर ठीक. बाराच आले, तर पुढच्या वेळी ७० लिहिताना हात आखडा.