म्युटंट नायकांच्या मालिकेचा भाग कसा रचावा: ‘टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स’चे कथनसंकेत

‘टीनएज म्युटंट निंजा टर्टल्स’ ही अमेरिकी अ‍ॅनिमेशन मालिका डिसेंबर १९८७ मध्ये पाच भागांची लघुमालिका म्हणून सुरू झाली आणि १९३ भाग पूर्ण करून नोव्हेंबर १९९६ मध्ये थांबली. न्यूयॉर्कच्या गटारांत राहणारी चार म्युटंट, म्हणजे रूप पालटून माणसासारखी झालेली, कासवे गुन्हेगारांशी लढतात, एवढ्याच कल्पनेवर ती जवळजवळ नऊ वर्षे चालली. मुलांसाठी पटकथा, चित्रकथा किंवा दीर्घ कथामाला लिहू इच्छिणाऱ्याने हे कसे साधले ते बारकाईने पाहावे, कारण या मालिकेतील जवळजवळ प्रत्येक कथनसंकेत, म्हणजे कथा सांगण्याची ठरलेली रीत, एखाद्या व्यावहारिक अडचणीतून जन्मला आहे. ती अडचण ओळखता आली, तर संकेत स्वतःच्या कथेत वापरता येतो. केवळ मुखवटे आणि तलवारी उचलल्या, तर हाती फारसे काही लागत नाही.

अभ्यासाची सोपी पद्धत म्हणजे मूळ कॉमिक आणि मालिका शेजारी ठेवून पाहणे. केव्हिन ईस्टमन आणि पीटर लेअर्ड यांनी १९८४ मध्ये स्वतःच प्रकाशित केलेले कॉमिक काळ्या-पांढऱ्या चित्रांचे आणि बऱ्यापैकी हिंसक होते. त्यातला खलनायक श्रेडर पहिल्याच अंकात मरतो. लहान मुलांच्या मालिकेला हे चालणार नव्हते, म्हणून डेव्हिड वाइज आणि त्यांच्या सहलेखकांनी अनेक गोष्टी बदलल्या. जिथे जिथे बदल दिसेल तिथे थांबावे आणि या बदलाने कोणता प्रश्न सुटला, असे विचारावे.

सुरुवात जगाच्या नियमापासून करावी. मालिकेत म्युटाजेन नावाचे द्रव्य आहे आणि त्याचा नियम एका वाक्यात सांगता येतो: ते अंगाला लागले की ज्या जिवाशी शेवटचा निकट संपर्क आला असेल, त्याचे रूप आणि गुण अंगी उतरतात. कासवांना माणसाचा सहवास होता, म्हणून ती माणसासारखी झाली. त्यांना सांभाळणारा हामातो योशी गटारात उंदरांच्या संगतीत राहत होता, म्हणून तो उंदीर झाला आणि स्प्लिंटर म्हणून त्यांचा गुरू बनला. श्रेडरने आपल्या दोन गुंडांसाठी प्राणीसंग्रहालयातले प्राणी पळवले, म्हणून बीबॉप रानडुक्कर झाला आणि रॉकस्टेडी गेंडा. एकाच नियमातून नायक, गुरू आणि खलनायकाचे हस्तक असे तिन्ही निघतात, त्यामुळे प्रेक्षकाला नवे काही शिकवावे न लागता नवे पात्र कथेत येऊ शकते. कॉमिकमध्ये स्प्लिंटर हा योशीने पाळलेला उंदीर होता. मालिकेने योशी आणि स्प्लिंटर ही एकच व्यक्ती केली आणि त्याबरोबर गुरूला स्वतःचा इतिहास मिळाला: ज्या ओरोकू साकीने कपटाने त्याला जपानमधल्या आपल्या पंथातून हाकलून लावले, तोच आता श्रेडर आहे. माझ्या मते संपूर्ण मालिकेतला हा सर्वांत शहाणपणाचा बदल आहे. कथेतील चमत्काराचा नियम ठरवताना हीच कसोटी लावावी: तो नियम पात्रांमध्ये नाते निर्माण करतो का? केवळ शक्ती देणारा नियम चार भागांत संपतो, नाते देणारा नियम टिकतो.

दुसरी अडचण अगदी ठळक होती. नायक चार, चौघेही हिरवे, चौघांचीही अंगकाठी जवळजवळ सारखी, आणि नावे युरोपीय प्रबोधनकाळातील चार कलावंतांची. कॉमिकच्या रंगीत मुखपृष्ठावर सर्वांच्या डोळ्यांवर लाल पट्टी होती. मालिकेने लिओनार्डोला निळी, डोनाटेलोला जांभळी, राफाएलला लाल आणि मायकेलँजेलोला केशरी पट्टी दिली, कमरपट्ट्यावर नावाचे आद्याक्षर लावले आणि प्रत्येकाच्या हाती वेगळे शस्त्र ठेवले: दोन कताना म्हणजे जपानी तलवारी, बो म्हणजे लांब काठी, साय म्हणजे तीन टोकांचे आखूड शस्त्र आणि नानचाकू म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन आखूड काठ्या. शीर्षकगीतही चौघांचा स्वभाव एकेका ओळीत सांगून टाकते, त्यामुळे मालिका मधूनच पाहायला घेणारे मूलही गोंधळत नाही. तरीही चित्राने केलेली ही ओळख अपुरी असते, हे लेखकाने विसरू नये. खरी ओळख संभाषणात होते, कारण एकाच संकटाकडे चौघे चार दिशांनी पाहतात. लिओनार्डो योजना मांडतो, डोनाटेलो यंत्राचा विचार करतो, मायकेलँजेलोला त्यात गंमत दिसते आणि राफाएल टोमणा मारतो. कॉमिकमधला राफाएल चटकन संतापणारा होता; मालिकेने त्याचा राग काढून त्याला तिरकस बोलणारा केला आणि अधूनमधून थेट प्रेक्षकाकडे पाहून शेरा मारण्याची मुभा दिली. पुष्कळ चाहत्यांना हा बदल रुचत नाही, पण ज्या कथेत रोज नवे अचाट प्रकार घडतात तिथे ‘हे अचाट आहे’ असे म्हणणारा एक जण घरात असणे कथाकाराला फार उपयोगी पडते, म्हणून मला तो पटतो. स्वतःचा संवाद लिहून झाला की बोलणाऱ्यांची नावे झाकून तो दुसऱ्या कोणाकडून वाचून घ्यावा. कोण बोलत आहे हे वाचणाऱ्याला ओळखता आले नाही, तर तो प्रसंग पुन्हा लिहावा.

हिंसेचा प्रश्न याहून नाजूक होता. नायकांच्या हातात धारदार शस्त्रे आहेत, प्रेक्षक शाळकरी आहेत आणि दूरचित्रवाणीचे नियम कडक आहेत. कॉमिकमध्ये फूट नावाच्या टोळीतले निंजा हाडामांसाची माणसे होती. मालिकेने त्यांना यंत्रमानव केले. त्यामुळे लिओनार्डोची तलवार खरोखर चालू शकते, शत्रू खरोखर कोसळतो, पण रक्त सांडत नाही. माणसे किंवा म्युटंट समोर असले की शस्त्रांचा रोख वस्तूंकडे वळतो: दोर कापला जातो, पिंपे घरंगळतात, डोक्यावरची पाटी सुटून खाली येते. या मर्यादेमुळे मारामारीला आपोआप युक्तीचे रूप येते आणि प्रसंग अधिक रंजक होतो. ब्रिटनमध्ये तर शीर्षकातला ‘निंजा’ शब्द बदलून ‘हीरो’ करण्यात आला आणि नानचाकूची दृश्ये कापली गेली. पुढे मायकेलँजेलोच्या हाती नानचाकूऐवजी दोर आणि आकडा आला. लेखनाला बसण्यापूर्वीच आपल्या कथेत शस्त्र कशावर चालेल आणि कशावर चालणार नाही, हे लिहून ठेवावे. मध्येच आठवण झाली की प्रसंग लुळा पडतो.

आता खलनायकाकडे येऊ. मालिकेतले सर्वांत कसबी काम मला इथेच दिसते. श्रेडर प्रत्येक भागात हरला पाहिजे, तरीही पुढच्या भागात धोकादायक वाटला पाहिजे, आणि तो मरता कामा नये. हे जमवण्यासाठी मालिकेने तीन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे त्याला क्रँग हा भागीदार दिला: डायमेन्शन एक्स या परक्या मितीतून हद्दपार झालेला, केवळ मेंदू उरलेला युद्धखोर. दोघांना एकमेकांची गरज आहे आणि दोघांना एकमेकांचा तिटकारा आहे, त्यामुळे खलनायकांच्या अड्ड्यावरचा प्रसंग नुसता योजना सांगण्यापुरता उरत नाही. तिथे भांडण होते आणि भांडणाच्या ओघात योजना प्रेक्षकाला कळते. माहिती देण्याचा हा मार्ग जरूर उचलावा. एकटा खलनायक स्वतःशीच बोलू लागला की मुलेही कंटाळतात.

दुसरी गोष्ट टेक्नोड्रोमची. क्रँगचा हा अवाढव्य फिरता किल्ला वर आला तर शहराचा निभाव लागणार नाही, असे प्रेक्षकाला ठाऊक असते. म्हणून कथाकारांनी त्याला नेहमी कुठेतरी अडकवून ठेवले. कधी तो पृथ्वीच्या गाभ्याजवळ आहे, कधी डायमेन्शन एक्समध्ये, कधी उत्तर ध्रुवाकडच्या बर्फात, कधी समुद्राच्या तळाशी. त्याला हलवायला ऊर्जा हवी आणि ती श्रेडरपाशी नाही, या एका अभावातून कितीतरी भागांचे कथासूत्र निघते: एखादे स्फटिक, एखादे इंधन, एखाद्या शास्त्रज्ञाचे नवे यंत्र चोरायला तो शहरात येतो. चोरी फसते, पण किल्ला जिथल्या तिथे असतो आणि धोका कायम राहतो. लक्षात घ्यावे की खलनायकाच्या शक्तीपेक्षा त्याची कमतरताच इथे कथा पुढे ढकलते. आपला खलनायक रचताना तो काय करू शकतो याची यादी नंतर करावी. त्याला काय मिळत नाही हे आधी ठरवावे.

तिसरी गोष्ट म्हणजे बीबॉप आणि रॉकस्टेडी. योजना त्यांच्या मूर्खपणाने फसते, त्यामुळे श्रेडर स्वतः बुद्धिमान राहू शकतो. मात्र हा उपाय वारंवार वापरला की नायकांच्या यशाची किंमत उतरते, आणि मधल्या हंगामांत ती उतरलेली स्पष्ट दिसते. हस्तकांनी फार तर अडचण वाढवावी. शेवटचा डाव नायकांच्याच निर्णयाने जिंकला जावा.

गटारात दडलेल्या नायकांना गुन्ह्याची बातमी कशी कळणार, या प्रश्नाचे उत्तर एप्रिल ओ’नील आहे. कॉमिकमध्ये ती संगणकाचे काम करते. मालिकेने तिला चॅनेल सिक्सची वार्ताहर केले. तिच्या नोकरीमुळे बातमी आत येते, तिचा वरिष्ठ बर्न थॉम्प्सन कासवांकडे संशयाने पाहतो म्हणून शहराचा अविश्वासही कथेत येतो, आणि वर जाणे-येणे तिला मोकळे असते. एवढे सोयीचे पात्र असूनही तिला पळवून नेणे आणि मग सोडवणे हा प्रकार मालिकेने इतक्यांदा केला की तिच्या धाडसावर अन्याय झाला, असे मला प्रामाणिकपणे वाटते. दुवा असलेल्या पात्राला भागाच्या शेवटी एक तरी निर्णायक कृती द्यावी. तिने पाठवलेली बातमी किंवा तिने ओळखलेला पुरावा यांवर विजय अवलंबून असावा.

खेळण्यांचा विषयही टाळता येत नाही. प्लेमेट्स कंपनीची खेळणी १९८८ मध्ये बाजारात आली आणि मालिकेत नवनवीन म्युटंट येत राहण्यामागे तो व्यवहार होता. अशी पात्रे भराभर येतात आणि विसरली जातात, पण काही टिकतात. उंदरांवर ताबा असलेला रॅट किंग टिकला, कारण त्याची शक्ती थेट स्प्लिंटरवर चालते आणि शिष्यांना आपल्या गुरूलाच सामोरे जावे लागते. पाहुणा खलनायक आणायचा असेल, तर तो कुटुंबातल्या कोणत्या दुव्यावर घाव घालतो, एवढे ठरले की पुरे. त्याचा पोशाख चित्रकार पाहून घेईल.

भागाच्या आतली मांडणी फार गुंतागुंतीची नाही. सुमारे बावीस मिनिटांत मोठे संकट आणि घरातला एखादा लहान पेच असे दोन धागे चालतात: कोणाचा नवा छंद, कोणाचे रुसणे, कोणाला नकोसे झालेले नेतृत्व. जाहिरातीच्या विश्रांतीपूर्वी संकट चढते, आणि शेवटी लहान पेचातून मिळालेली समज मोठ्या संकटात कामी येते. स्प्लिंटरने उपदेश करावा तो थोडका, आणि त्याचा अर्थ शिष्यांना उशिरा उमगावा. लढाईनंतर पिझ्झा येतो.

हे सारे संकेत मोडायचे कधी, हा शेवटचा प्रश्न. पहिल्या तीन हंगामांत ५, १३ आणि ४७ असे मिळून ६५ भाग झाले. आठवड्याचे पाच दिवस धरले तर ते तेरा आठवडे पुरतात, आणि त्या काळी वेगवेगळ्या वाहिन्यांना मालिका विकण्यासाठी हाच आकडा प्रमाण मानला जाई. असे भाग कोणत्याही क्रमाने दाखवले जाऊ शकतात, म्हणून प्रत्येक भागाअखेर परिस्थिती पूर्ववत करावी लागते आणि टेक्नोड्रोमची जागा बदलण्यासारखे मोठे बदल हंगामाच्या कडांवर ढकलावे लागतात. १९९४ च्या आठव्या हंगामात कथाकारांनी ही चौकट हलवली: शहरावरचे आकाश लालसर झाले, विनोद कमी झाला, चॅनेल सिक्सची इमारत उद्ध्वस्त झाली, आणि त्या हंगामाअखेर श्रेडर व क्रँग बाजूला होऊन पुढे लॉर्ड ड्रेग हा नवा शत्रू आला. यात इमारत पाडण्याचा निर्णय मला योग्य वाटतो, कारण त्यामुळे एप्रिलची नोकरी आणि कासवांची शहरातली प्रतिमा या दोन्हींवर एकदम परिणाम झाला. श्रेडर आणि क्रँग मात्र एकाच वेळी गेल्याने त्यांच्या भांडणातून मिळणारा विनोद आणि माहिती दोन्ही आटले, आणि ड्रेगच्या भागांत ती उणीव भरून निघाली नाही. म्हणून दीर्घ मालिकेत जुना संकेत काढायचा झाल्यास तो कथेत कोणती कामे करत होता ते आधी कागदावर उतरवावे, आणि त्यातले प्रत्येक काम कोणत्या नव्या पात्राकडे किंवा प्रसंगाकडे सोपवले आहे हे त्याच कागदावर समोर लिहावे.