कॉक्सीचा टायटर मागवताय? आधी या चुका टाळा

कोंबड्यांच्या रानीखेत रोगाचा टायटर, म्हणजे रक्तातल्या अँटीबॉडीचं प्रमाण, बघून लसीचं ठरवायची सवय आपल्याकडे आता चांगली रुजलीय आणि ती बरोबरच आहे. पण तीच सवय लोक रक्ती हगवणीला, म्हणजे कॉक्सीला (कॉक्सिडिओसिस), लावतात आणि तिथे घोळ होतो. "डॉक्टर, कॉक्सीचा एलायझा (अँटीबॉडी मोजायची रक्ततपासणी) मस्त आलाय, फीडमधलं औषध बंद करू ना?" हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की आता सविस्तर लिहूनच टाकतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे टायटर आला की पक्षी सुरक्षित असं धरून चालणं. रक्तातल्या अँटीबॉडी एवढंच सांगतात की पक्ष्याची या जंतूशी गाठ पडलीय. कॉक्सीचा जंतू आयमेरिया आतड्याच्या पेशीत घुसून वाढतो, तिथे मुख्य काम टी पेशींचं (अँटीबॉडी न बनवणाऱ्या लढाऊ पांढऱ्या पेशी). इंग्लंडमध्ये रोज आणि लाँग या संशोधकांनी १९७० च्या सुमाराला बर्सा काढलेल्या कोंबड्यांवर प्रयोग केले, गंबोरो रोगात खराब होतो तोच बर्सा, अँटीबॉडीवाल्या पेशी तिथेच घडतात, तरीही त्या कोंबड्यांनी दुसऱ्यांदा दिलेलं इन्फेक्शन परतवलं.

मागच्या पावसाळ्यात एका गावरानवाल्या दादांनी रिपोर्ट चांगला आला म्हणून फीडमधलं औषध काढलं. आठवड्याभरात लिटरवर (शेडमधल्या भुशाच्या थरावर) रक्त, पक्षी पंख पाडून कोपऱ्यात. पोस्टमार्टेम केलं तर दोन्ही सीका (आतड्याच्या शेवटाकडच्या पिशव्या) रक्ताने टम्म फुगलेल्या, म्हणजे आयमेरियाची टेनेला ही जात. मग त्यांनी आधीच्या मरतुकीचे फोटो दाखवले, त्यात आतड्याच्या वरच्या भागात शिडीसारख्या आडव्या पांढऱ्या रेषा स्पष्ट दिसत होत्या, म्हणजे तेव्हा अ‍ॅसर्व्हुलिना ही दुसरी जात येऊन गेलेली. आता नीट बघा, एलायझाच्या प्लेटवर अख्ख्या जंतूचा अर्क लावलेला असेल तर एका जातीच्या अँटीबॉडी दुसऱ्या जातीलाही चिकटतात, त्यामुळे टायटर दिसतो. संरक्षण मात्र त्या त्या जातीपुरतंच मिळतं. कोंबडीत अशा मुख्य सात जाती आहेत आणि रिपोर्टवरचा एक आकडा त्यातली कुठली हे सांगत नाही. त्या दादांना कुणीतरी सांगितलं होतं की पक्षी कापायची गरज नाही, रक्त पाठवा. असले शॉर्टकट मला पटत नाहीत. मी आधी तीन-चार ताजे मेलेले पक्षी उघडतो, आतडं खरवडून मायक्रोस्कोपखाली बघतो, आतड्याची इजा मोजायचा जॉन्सन-रीडचा ० ते ४ स्कोअर लावतो, रक्त त्यानंतर.

अँटीबॉडी बिनकामाच्या आहेत असंही नाही. मॅक्झिमा या जातीच्या गॅमिटोसाइटपासून (जंतूची लैंगिक अवस्था) बनवलेली लस ब्रीडर कोंबडीला दिली की तिच्या अँटीबॉडी बलकातून पिल्लात उतरतात आणि सुरुवातीचे काही दिवस मदत करतात. म्हणूनच अगदी लहान पिल्लाचं रक्त तपासून "इन्फेक्शन झालंय" म्हणू नका, तो टायटर आईचा असू शकतो.

दुसरी चीड आणणारी गोष्ट, कॉक्सीची लाइव्ह (जिवंत जंतूंची) लस दिल्यावर थोडी पातळ विष्ठा दिसली की घाबरून लगेच पाण्यात अँप्रोलियम हे कॉक्सीचं औषध. अहो, लसीतले उसिस्ट (जंतूची अंड्यासारखी अवस्था) लिटरमध्ये पडून, पिकून, पक्ष्याने पुन्हा खाल्ले पाहिजेत, अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की मग प्रतिकारशक्ती पक्की होते. तुम्ही मधेच औषध ओतलंत तर ती साखळी तुटते आणि पैसे पाण्यात. हां, खरंच रक्त आलं, पक्षी मरायला लागले तर वाट बघू नका, डॉक्टरला बोलवा. लिटर मी मुठीत दाबून बघतो, गोळा झाला तर ओलं, पण धूळ उडेल इतकं कोरडंही नको, उसिस्ट पिकायला थोडी ओल लागते.

अँप्रोलियम चालू असताना बी कॉम्प्लेक्स देऊ नका, ते औषध बी-१ ची जागा अडवूनच काम करतं.

रक्त काढल्यावर सीरम वेगळं न करता फ्रीझरमध्ये टाकू नका.

लॅबवाल्या पोरांसाठी: सशाची पद्धत जशीच्या तशी कोंबडीला लावू नका. प्रोटीन ए (अँटीबॉडी पकडायला वापरतात ते प्रथिन) सशाच्या आयजीजी अँटीबॉडीला घट्ट धरतं, कोंबडीच्या आयजीवाय अँटीबॉडीला धरत नाही. प्लेट कोरी दिसते आणि घाईत "अँटीबॉडी नाहीत" असं लिहून मोकळे होतात. आधी पॉझिटिव्ह कंट्रोल (अँटीबॉडी नक्की असलेला नमुना) बघा, मग बोला.

ससेवाल्यांनी टायटर बघून खूश व्हायचं तर कारणच नाही. सशातली आयमेरियाची स्टीडी ही जात पित्तनलिकेत वाढते, लिव्हर पांढऱ्या-पिवळ्या गाठींनी भरलेली असतानाही रक्तात अँटीबॉडी भरपूर सापडतात. इंटेस्टिनॅलिस या जातीने प्रतिकारशक्ती चांगली येते, फ्लेव्हेसेन्स जातीने कमी, त्यामुळे "एकदा येऊन गेलं, आता होणार नाही" हे सशात तर अजिबात धरू नका. दूध सुटायच्या सुमाराच्या पिल्लांच्या लेंड्या मिठाच्या दाट पाण्यात तरंगवून बघा, पिंजऱ्याची जाळी रोज साफ करा, आणि मेलेल्या सशाचं लिव्हर बघितल्याशिवाय त्याला पुरू नका.