तलवार मंतरायची कशी? माइनक्राफ्टमधल्या एन्चांटमेंटचा हिशेब

जुलैतला शनिवार. गोव्यात डिचोलीला पावसाची झड लागलेली, वीज जात-येत होती आणि भाचा लॅपटॉप घेऊन माझ्या पुढ्यात येऊन बसला. "मामा, पळय मरे, आकडो तीसार पावनाच!" माइनक्राफ्ट, म्हणजे ठोकळ्यांच्या जगातला व्हिडिओ गेम, चालू होता. हिऱ्याची तलवार हातात, लेव्हल (अनुभवाच्या गुणांनी चढायच्या पायऱ्या) तीसच्या वर, पुस्तकांची शेल्फंही पंधरा मांडलेली, तरी मंतरायच्या मेजावर (एन्चांटिंग टेबलावर) तीसचा पर्याय काही दिसेना. त्या दिवशी आम्ही दोघांनी बसून हे प्रकरण मुळापासून समजून घेतलं. मंतरणं (एन्चांटमेंट, हत्यारात जादूची ताकद भरणं) म्हणजे नशिबाचा खेळ, असं मुलांना वाटतं. नशीब आहे, पण ते फक्त मेजावर. त्याच्या आधीचं आणि नंतरचं सगळं क्रमावर चालतं.

आधी खोली, मग तलवार

एन्चांटिंग टेबलाला चार ऑब्सिडियन (काळा, कठीण दगड), दोन हिरे आणि एक पुस्तक लागतं. लाव्हावर पाणी सोडलं की ऑब्सिडियन तयार होतो, पण तो हाती लागेल असा फोडायला हिऱ्याची कुदळच हवी. म्हणजे मेजाचे दोन आणि कुदळीचे तीन मिळून पाच हिरे बाजूला काढल्याशिवाय तलवारीचा विचार करू नका.

खरा घाम मेजाची ताकद वाढवणाऱ्या शेल्फांसाठी गाळावा लागतो. तीन उसांचे तीन कागद, तीन कागद आणि एक चामडं मिळून एक पुस्तक, तीन पुस्तकं आणि सहा फळ्यांचं एक शेल्फ. अशी पंधरा हवीत. मेजाचं पुस्तक धरून १३८ ऊस, ४६ चामडी आणि ९० फळ्या होतात. खेळात ऊस फक्त पाण्याला चिकटून उगवतो (आमच्या धारबांदोड्याचा ऊसवाला हे ऐकून हसेल), पण एकदा लावला की आपोआप वाढतो. अडतं ते चामड्यापाशी. एक गाय मारली तर कधी दोन चामडी मिळतात, कधी एकही नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून कुंपणात गाई ठेवा आणि गहू घालून त्या वाढवा. वाटेत गाव लागलं आणि त्यात वाचनालय असलं, तर तिथलं शेल्फ फोडून तीन-तीन पुस्तकं आयती मिळतात.

मांडणीसाठी आपल्या जुन्या घरांचं राजांगण डोळ्यांपुढे आणा. मधोमध तुळशीवृंदावन, भोवती प्रदक्षिणेपुरती मोकळी वाट आणि तिच्यापलीकडे पडवी. वृंदावनाच्या जागी मेज ठेवा, भोवती एक घर (एका ठोकळ्याएवढी जागा) रुंदीची वाट सोडा आणि बाहेरच्या कडेला शेल्फं लावा. त्या कडेला बरोबर सोळा घरं असतात. पंधरा शेल्फांना, एक दाराला.

ही वाट अगदी रिकामी हवी. आमचं घोडं तिथेच अडलं होतं. भाच्याने खोली शोभिवंत दिसावी म्हणून त्या वाटेवर लाल गालिचा अंथरला होता आणि कोपऱ्यांत मशाली रोवल्या होत्या. खेळाच्या दृष्टीने मेज आणि शेल्फ यांच्यामध्ये काही आलं की ते शेल्फ मोजणीतून बाद. गालिचा काढला, मशाली शेल्फांवर नेल्या आणि तिसऱ्या ओळीत ३० दिसला. शेल्फ एकही नसेल तर मेज ८ च्या वर जातच नाही.

तीस लागतात, कापले जातात तीन

मेजावर तलवार आणि लॅपिस हा निळा दगड ठेवला की तीन पर्याय दिसतात. सर्वांत खालच्यासाठी तुमच्याकडे ३० लेव्हल असाव्या लागतात, पण खर्च होतात फक्त तीन लेव्हल आणि तीन लॅपिस. पर्यायावर कर्सर नेला की एका मंत्राचं नाव दिसतं. तो नक्की मिळतो, त्याच्यासोबत आणखी कुठले येतील ते मंतरल्यावरच कळतं. मेजावरच्या त्या गूढ लिपीतून काही अर्थ काढत बसू नका, निकालाशी तिचा संबंध नाही.

पर्याय पसंत नसतील तर तलवार काढून पुन्हा ठेवल्याने बदलत नाहीत, मेज फोडून दुसरीकडे मांडलं तरी नाहीत. काहीतरी मंतरल्यावरच नवे येतात. म्हणून एखादं साधं पुस्तक पहिल्या, एका लेव्हलच्या पर्यायावर मंतरून टाका, की पाटी कोरी.

आता लेव्हलचा हिशेब. शून्यापासून तीसपर्यंत १,३९५ गुण लागतात. झोंबी मारल्यावर ५ मिळतात, म्हणजे २७९ झोंबी! पण २७ पासून परत ३० वर यायला ३०६ गुण पुरतात. सुरुवातीच्या तीन लेव्हलना मात्र फक्त २७ लागतात. वर जाल तशी प्रत्येक लेव्हल महागते, त्यामुळे ३० झाले की लगेच मेज गाठायचं, ४५ होईपर्यंत साठवत बसायचं नाही. साठवण्यात धोकाही आहे. मेलात तर लेव्हलच्या सातपट गुण खाली सांडतात, तेही जास्तीत जास्त १००. भाचा ३३ लेव्हल घेऊन 'फक्त एकदा' नेदरमध्ये (खेळातल्या आगीच्या पाताळात) गेला आणि लाव्हात पडला. त्या रात्री तो जेवला नाही.

गुण फक्त लढूनच मिळतात असं नाही. भट्टीतून भाजलेला माल काढताना, गाई वाढवताना, गळ टाकून मासे धरताना, गावकऱ्यांशी सौदा करतानाही मिळतात. पावसातल्या दुपारी मासे धरणंच बरं, तलवारीची झीजही होत नाही.

कुठला मंत्र घ्यावा

शार्पनेस, स्माइट आणि बेन ऑफ आर्थ्रोपॉड्स हे तिघे एका म्यानात राहत नाहीत, एकच निवडावा लागतो. संगणकावरच्या जावा आवृत्तीत हिऱ्याच्या तलवारीचा घाव ७ चा. शार्पनेस ५ त्यात ३ ची भर घालतो, स्माइट ५ तब्बल १२.५ ची. पण स्माइट चालतो फक्त झोंबी, सांगाडे, विदर नावाचा बलाढ्य राक्षस अशा मेलेल्यांवर. जवळ येऊन फुटणाऱ्या क्रीपरपुढे तो साधी तलवारच. माझा कौल शार्पनेसला, स्माइटची वेगळी तलवार विदरसाठी पेटीत ठेवावी. बेन कोळी आणि तसल्या किड्यांपुरता, मिळाला तर सोडून द्या.

लूटिंग ३ असेल तर शत्रूकडून माल जास्त पडतो. विदर सांगाड्याचं डोकं एरवी २.५ टक्के वेळा मिळतं, लूटिंग ३ ने ५.५ टक्के. अनब्रेकिंग ३ ने तलवार सरासरी चौपट टिकते. फायर अस्पेक्टने गाय मारली तर मांस शिजूनच पडतं, पण पेटलेला झोंबी तुम्हालाही पेटवू शकतो. नॉकबॅक क्रीपरला दूर लोटायला चांगला, बाकी लढाईत शत्रू हाताबाहेर उडून डोक्याला ताप. एका घावात आजूबाजूच्यांनाही मारणारा स्वीपिंग एज जावातच आहे, मोबाइलवरच्या बेडरॉकमध्ये शोधू नका.

ऐरणीवर क्रम चुकला तर

हिऱ्याच्या तलवारीवर शार्पनेस ५ मेजावरून मिळतच नाही, चारपर्यंतच. पाच हवा तर शार्पनेस ४ च्या दोन वस्तू ऐरणीवर जोडायच्या. ऐरणीला लोखंडाचे तीन ठोकळे आणि चार विटा, एकूण ३१ विटा (एक ठोकळा नऊ विटांचा) लागतात आणि वापरता वापरता तीही मोडते.

ऐरण प्रत्येक वस्तूवरचं आधीचं काम लक्षात ठेवते. एकदा जोडलेल्या वस्तूला पुढच्या वेळी १ लेव्हल जास्त, मग ३, ७, १५, ३१ अशी. एकूण खर्च ४० झाला की 'टू एक्स्पेन्सिव्ह' म्हणून ती हात वर करते. समजा तलवारीला सात पुस्तकं जोडायची आहेत. एकेक करत गेलात तर सातव्या पुस्तकाला नुसता दंडच ६३. काम अर्ध्यावर अडतं आणि तलवार तशीच राहते.

त्याऐवजी जोड्या लावा. पहिलं पुस्तक तलवारीला, उरलेल्या सहांच्या आपापसात तीन जोड्या. मग त्यांतली एक जोडी तलवारीला आणि दुसऱ्या दोन एकमेकींना. शेवटी ते एकच जाड पुस्तक तलवारीला. तलवार ऐरणीवर फक्त तीनदा चढते, तिचा दंड ०, १ आणि ३. तलवार नेहमी डाव्या खणात, पुस्तक उजव्या.

मेंडिंग मेजावर मिळत नाही. कामधंदा नसलेल्या गावकऱ्यापुढे लेक्टर्न (पुस्तक ठेवायची घोडी) ठेवला की तो ग्रंथपाल होतो. त्याच्याकडे मेंडिंग नसेल तर लेक्टर्न फोडून पुन्हा ठेवा, त्याचा माल बदलतो. मात्र त्याच्याशी एकदा जरी सौदा केलात तर बदल बंद. मेंडिंग असलं की मिळालेल्या एका गुणामागे तलवारीची दोन अंकांची झीज भरून निघते. नको असलेले मंत्र ग्राइंडस्टोनवर (धार लावायच्या दगडावर) उतरतात आणि थोडे गुणही परत मिळतात, शाप मात्र चिकटून राहतात.

नाव बदलायचं असेल तर शेवटच्या जोडणीतच उरकून घ्या, एक लेव्हल जास्त जाते. भाच्याने आपल्या तलवारीचं नाव 'आदोळी' (आमच्याकडची विळी) ठेवलं. पलीकडे नारळ खवत बसलेल्या आजीने मान वर करून विचारलं, "मग हिका मागीर कोण साफ करतलो?"