आलेख सुबक आहे म्हणून विसंबू नका: डेटा ॲक्विझिशनमधल्या या चुका टाळा

भट्टीच्या तापमानाच्या आलेखावर एकदा संथ लाट दिसू लागली. कधी २० सेकंदांत एक चढउतार, कधी ३०. दोन दिवस आम्ही कंट्रोलरच्या सेटिंगशी झगडत होतो. शेवटी हीटरच बंद केला, तरी लाट तशीच.

ती वायरमध्ये शिरलेली विजेची ५० हर्ट्झची गुणगुण होती. आम्ही डेटा ॲक्विझिशन करताना, म्हणजे सेन्सरचा सिग्नल संगणकात नोंदवताना, सेकंदाला १० नमुने (मोजमापं) घेत होतो. पुरवठा ४९.९५ हर्ट्झवर आला की ०.०५ हर्ट्झचा फरक उरतो, आणि आलेखावर बरोबर २० सेकंदांची लाट उमटते. हेच एलियासिंग: नमुने कमी वेगाने घेतल्यामुळे उमटणारी खोटी, संथ लाट. सर्वोच्च वारंवारतेच्या दुपटीहून जास्त वेगाने नमुने घ्यायचे, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण आपण तो फक्त हव्या असलेल्या सिग्नलला लावतो. सोबत येणाऱ्या नकोशा सिग्नललाही तो तितकाच लागू आहे. म्हणून लो-पास फिल्टर (वेगवान चढउतार अडवणारा) एडीसीच्या, म्हणजे सिग्नलचं आकड्यांत रूपांतर करणाऱ्या भागाच्या आधी, हार्डवेअरमध्येच हवा. नमुना घेतल्यावर खरी लाट कोणती आणि खोटी कोणती, हे सॉफ्टवेअरला ओळखता येत नाही. शंका आली तर नमुन्यांचा वेग १० वरून १३ करून पाहा. खरी लाट जागची हलत नाही, खोटीचा कालावधी लगेच बदलतो.

रेंजकडेही, म्हणजे एडीसी किती ते किती व्होल्ट मोजणार याकडेही, असंच दुर्लक्ष होतं. ० ते १० व्होल्टच्या रेंजवर १२ बिटच्या एडीसीची एक पायरी सुमारे २.४४ मिलिव्होल्टची असते. के-टाइप थर्मोकपल (तापमानानुसार सूक्ष्म व्होल्टेज देणारा सेन्सर) एका अंशाला जेमतेम ४१ मायक्रोव्होल्ट देतं. म्हणजे तापमान जवळपास ६० अंशांनी बदलेपर्यंत आकडा हलणारच नाही! आधी ॲम्प्लिफायर लावा किंवा लहान रेंज निवडा. थर्मोकपल डिफरन्शियल जोडणीत (दोन तारांमधला फरक मोजणाऱ्या) तरंगतं, म्हणजे ग्राउंडला न जोडता ठेवलं असेल, तर एका टोकाकडून ग्राउंडला रेझिस्टर द्या. नाहीतर रीडिंग हळूहळू सरकत कडेला जाऊन चिकटतं. केबलची शील्ड (तारांभोवतीचं धातूचं आवरण) मात्र एकाच टोकाला ग्राउंड करा.

दोन नंबरच्या चॅनलवर (सेन्सरच्या जोडणीवर) एक नंबरची सावली दिसते का? संगणकाला जोडलेल्या बहुतेक मोजणी-कार्डांत एकच एडीसी मल्टिप्लेक्सरमधून (चॅनल बदलणाऱ्या स्विचमधून) आळीपाळीने सगळे चॅनल वाचतो. सेन्सरचा आउटपुट इम्पीडन्स (विद्युत प्रवाहाला होणारा अंतर्गत विरोध) जास्त असेल तर आधीच्या चॅनलचा चार्ज उतरायला वेळ पुरत नाही. दोन चॅनलच्या वाचनांमधला वेळ वाढवा. सावली गेली तर दुखणं सापडलं. कायमच्या इलाजासाठी बफर ॲम्प्लिफायर लावा.

वेळेच्या बाबतीत मी हट्टी आहे. प्रोग्रॅमच्या लूपमध्ये ‘१० मिलिसेकंद थांब’ असं लिहिलं म्हणजे दर १० मिलिसेकंदांनी नमुना मिळतोच असं नाही. साधी ऑपरेटिंग सिस्टीम मध्येच दुसऱ्या कामाला लागते. नमुन्यांची वेळ कार्डावरच्या क्लॉकने ठरू द्या, आणि संगणकाने ते बफरमधून (नमुने तात्पुरते साठवणाऱ्या मेमरीतून) गठ्ठ्याने उचलावेत. बफर भरून वाहिल्याची एरर कधीही गिळू नका. सेकंदाला १,००० नमुन्यांनी १० मिनिटं चाचणी केली, तर फाइलमध्ये ६,००,००० ओळी भरायला हव्यात. मोजून पाहा. कमी भरल्या तर मधला तुकडा गळला आहे, आणि सरळ जोडलेल्या आलेखावर तो कुठून गळला ते दिसणार नाही.

फाइलमध्ये मूळ व्होल्टेजच साठवा, कॅलिब्रेशनचे गुणांक (व्होल्टेजवरून खरं मोजमाप काढणारे आकडे) वेगळे लिहा. गुणांक चुकल्याचं महिन्याभराने कळलं, तर निदान चाचणी पुन्हा करावी लागत नाही.