विमानतळाचं टर्मिनल आखताना या चुका टाळा: आधी मिनिटं मोजा, मग चौरस मीटर

टर्मिनलच्या आराखड्याची पहिली बैठक बहुतेक वेळा छपरावरच खर्ची पडते. छप्पर कसं वळवायचं, काच किती लावायची, खांब कुठे दिसतील, यावर तासन् तास चर्चा चालते. प्रवासी मात्र आत शिरताना एकदा मान वर करून पाहतो आणि मग त्याचं सगळं लक्ष घड्याळाकडे लागतं. बॅग द्यायला किती वेळ, तपासणीला किती, गेट किती लांब. म्हणून माझं ठाम मत आहे की टर्मिनलचा हिशेब मिनिटांपासून सुरू करावा. जागा किती लागणार हे त्या मिनिटांतून आपोआप निघतं. खालच्या बहुतेक चुका हा क्रम उलटा केल्यामुळे होतात.

वार्षिक आकड्यावर इमारत बेतणं

'वर्षाला एक कोटी प्रवासी' हा आकडा बातमीला आणि कर्जाच्या अर्जाला उपयोगी पडतो, आराखड्याला फारसा नाही. इमारतीवर ताण येतो तो गर्दीच्या तासाचा. एका विमानतळावर विमानं दिवसभर विखुरलेली असतील आणि दुसऱ्यावर पहाटे झुंडीनं सुटत असतील, तर वार्षिक आकडा सारखा असूनही दुसऱ्याला कितीतरी मोठं टर्मिनल लागतं.

पण वर्षातला सगळ्यात गर्दीचा तास धरणंही चूकच. ब्रिटनमध्ये वर्षातले तास गर्दीच्या उतरत्या क्रमानं लावून त्यातला तिसावा तास धरायची पद्धत रूढ झाली, ती याच विचारानं. थोड्या तासांची दाटी सोसायची, पण त्या मोजक्या तासांसाठी बांधलेले रिकामे हॉल वर्षभर झाडत, उजळत आणि थंड करत बसायचं नाही. आयाटा या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या विमानतळ-नियोजनाच्या मार्गदर्शिकेतही गरजेपेक्षा जास्त जागा ही वेगळी श्रेणी आहे आणि तिथे पोचणं हे उद्दिष्ट नसतं.

एक छोटा हिशेब करून पाहा. समजा, तासाभरात चार विमानं सुटणार आहेत आणि त्यांचे मिळून ६०० प्रवासी आहेत. त्यातले ४०० एकाच तासात सुरक्षा तपासणीपाशी येतात. एक लेन तासाला १५० जण पुढे सोडते असं धरू. दोन लेन चालू असतील तर तासाच्या शेवटी १०० जण रांगेत उरतात आणि शेवटच्या माणसाला २० मिनिटं थांबावं लागतं. तिसरी लेन उघडली की सरासरीच्या हिशेबात रांग संपते. माणशी १.२ चौरस मीटर धरलं तर त्या १०० जणांना १२० चौरस मीटर जागा लागते. ती तिथे राखलेली नसेल तर रांग मागे सरकत चेक-इन हॉलमध्ये घुसते, बॅग द्यायला उभ्या असलेल्यांना आडवी जाते आणि मग दोन्ही रांगा अडतात. बैठकीत कोणी 'सुरक्षेसाठी ५०० चौरस मीटर ठेवलेत' असं सांगितलं, तर पहिला प्रश्न विचारावा: किती लेन, किती माणसं, किती मिनिटं?

रांग दिसते तिथेच दोष शोधणं

चालू टर्मिनलमध्ये काही बिघडलं की उपाय इथेच हमखास चुकतो. तपासणीपाशी रांग लागली की नवं यंत्र मागवलं जातं. अर्धा तास तिथे उभं राहून नीट पाहिलं तर वेगळंच दिसतं. एक्स-रेमधून ट्रे झटकन पुढे जातो. वेळ जातो तो त्याआधी. प्रवासी टेबलापाशी पोचल्यावर ट्रे शोधतो, लॅपटॉप काढतो, पट्टा सोडतो, खिसे रिकामे करतो, जॅकेट आधी घडी करून ठेवतो आणि मग त्यातला फोन आठवून पुन्हा उलगडतो. टेबल आखूड असेल तर एका वेळी एकच जण हे करू शकतो. मागचा तयार असला तरी त्याला पुढे जायला वाट नसते. यंत्र रिकामं फिरतं आणि रांग वाढत राहते.

पलीकडच्या बाजूला याचीच दुसरी तऱ्हा दिसते. सामान घेणारा माणूस पट्ट्यापाशीच उभा राहून बूट घालतो. भरलेले ट्रे साचतात, पट्टा थांबतो आणि दोष यंत्राच्या माथी येतो. अशा वेळी यंत्र बदलण्याआधी तीन-चार जणांना शेजारीशेजारी ट्रे भरता येतील इतकं लांब टेबल द्या. पलीकडे, पट्ट्यापासून थोडं दूर, बूट घालायला आणि बॅग आवरायला बाक ठेवा. नव्या स्वयंचलित लेन जुन्यांपेक्षा लांब असतात, त्या याच कारणानं. जुन्या हॉलमध्ये त्या मावत नाहीत, कारण मूळ आराखड्यात लेनची लांबी यंत्रापुरतीच धरलेली असते.

येणाऱ्या प्रवाशांकडे हा घोळ आणखी फसवा होतो. बॅगेज बेल्ट भरून वाहतोय, पुढच्या विमानाच्या बॅगा टाकायला जागा नाही, म्हणून 'बेल्ट कमी पडतात' अशी तक्रार येते. प्रत्यक्षात बॅगा वेळेवर पोचलेल्या असतात. त्यांचे मालक इमिग्रेशनच्या रांगेत अडकलेले असतात. दोन मोठी विमानं पाठोपाठ उतरली की हे हमखास होतं. इथे नवा बेल्ट बसवणं म्हणजे पैसे वाया घालवणं. याउलट इमिग्रेशन झटपट होत असेल आणि लोक बेल्टभोवती ताटकळत असतील, तर विमानाच्या स्टँडपासून (विमान उभं राहतं त्या जागेपासून) बेल्टपर्यंतचा बॅगगाड्यांचा रस्ता तपासा. हॉल मोठा केल्यानं बॅगा लवकर येत नाहीत.

तेव्हा कोणत्याही तक्रारीवर आधी घड्याळ लावून एका विमानाचे प्रवासी दारापासून गेटपर्यंत, किंवा एरोब्रिजपासून (विमानाच्या दाराला जोडणाऱ्या पुलापासून) टॅक्सीपर्यंत, टप्प्याटप्प्यानं मोजावेत. कुठे किती मिनिटं गेली हे कागदावर आलं की भांडणं बरीच कमी होतात.

विमानाच्या पंखांचा हिशेब उशिरा करणं

टर्मिनल किती लांब हे वास्तुरचनाकार ठरवतो असं वाटतं, पण त्याचा मोठा भाग विमानं ठरवतात. पंखांच्या रुंदीनुसार विमानांचे गट पाडलेले असतात; ए३२० किंवा ७३७ ही विमानं 'सी' गटात येतात. या गटाची पंखांची कमाल रुंदी ३६ मीटरच्या आत असते आणि स्टँडवर शेजारच्या विमानापासून ४.५ मीटर अंतर ठेवावं लागतं. म्हणजे एका विमानामागे जवळपास ४० मीटर. अशी दहा विमानं एका ओळीत लावली की इमारतीची कड ४०० मीटर लांब झालीच. सामानासह तेवढं चालायला धडधाकट माणसाला पाच-सहा मिनिटं लागतात. म्हाताऱ्या माणसाला किंवा कडेवर मूल असलेल्या आईला त्याहून बरीच जास्त.

पियरच्या, म्हणजे टर्मिनलमधून बाहेर काढलेल्या लांब भुजेच्या, दोन्ही बाजूंना विमानं लावायची, ताऱ्यासारख्या भुजा काढायच्या, किंवा वेगळी सॅटेलाइट इमारत करून भुयारी गाडीनं जोडायची, हे सगळे प्रकार या लांबीशी झगडण्यातून आले. अटलांटात १९८० पासून समांतर इमारती भुयारी गाडीनं जोडलेल्या आहेत. बीजिंगच्या दाशिंग विमानतळावर २०१९ साली मध्यभागातून पाच भुजा निघाल्या, त्या चालणं कमी व्हावं म्हणून. वॉशिंग्टनच्या डलेस विमानतळानं १९६२ साली माणसांनी भरलेली अख्खी खोलीच चाकांवर विमानापर्यंत नेली. कल्पना सुंदर होती, पण विमानं मोठी झाली, विमान बदलून पुढे जाणारे प्रवासी वाढले आणि ती पद्धत पुरी पडेना.

मोठ्या विमानाच्या स्टँडला थोडी जास्त रुंदी ठेवली तर दिवसा तिथे दोन छोटी विमानं उभी राहतात. हे सुरुवातीलाच ठरवलं तर खर्च किरकोळ. नंतर एरोब्रिज हलवायची वेळ आली तर भारी पडतं.

आजची पद्धत काँक्रीटमध्ये ओतणं

कॅन्सस सिटीचा विमानतळ १९७२ साली सुरू झाला तेव्हा त्याचं फार कौतुक झालं. अर्धवर्तुळाकार टर्मिनल, गाडीतून उतरा आणि थोड्याच पावलांत विमानात बसा. पुढच्याच वर्षी, विमान अपहरणांमुळे, अमेरिकेत प्रत्येक प्रवाशाची तपासणी सक्तीची झाली. अरुंद कड्यासारख्या त्या इमारतीत तपासणी कुठे बसवायची? काही गेटमागे एक अशी वेगवेगळी तपासणी नाकी उभी राहिली आणि आत गेलेल्या माणसाला बसायला, खायला, स्वच्छतागृहाला जेमतेम जागा उरली. शेवटी २०२३ साली तिथे नवं एकसंध टर्मिनल आलं.

त्या रचनाकारांनी प्रवाशाची पावलं वाचवली होती, हेतू उत्तम होता. चूक एवढीच की इमारतीला बदलायला वाव ठेवला नाही. २००१ नंतर तपासणी पुन्हा बदलली, २००६ नंतर द्रवपदार्थांना १०० मिलिलिटरची मर्यादा आली, आणि घरूनच चेक-इन होऊ लागल्यावर काउंटरच्या लांबलचक ओळी ओस पडू लागल्या. पुढे काय बदलेल ते आज सांगता येणार नाही, पण बदलेल हे नक्की. म्हणून खांबांमधलं अंतर मोठं ठेवा, जड यंत्रं पेलेल अशी जमीन करा, आतल्या भिंती काढता येतील अशा करा. लंडनजवळच्या स्टॅनस्टेड विमानतळाच्या १९९१ च्या टर्मिनलमध्ये वास्तुरचनाकार नॉर्मन फोस्टर यांच्या कार्यालयानं वातानुकूलनाची अवजड यंत्रणा छपरावरून काढून प्रवाशांच्या मजल्याखाली नेली. छप्पर हलकं झालं आणि वरचा मजला मोकळा राहिला. मला ही गोष्ट छपराच्या सौंदर्यापेक्षा जास्त मोलाची वाटते.

'बॅगांचं नंतर बघू'

डेन्व्हरच्या नव्या विमानतळावर संपूर्ण विमानतळासाठी एकच स्वयंचलित बॅगव्यवस्था करायचं ठरलं तेव्हा इमारतींचं काम पुढे गेलेलं होतं. यंत्रणेला मिळेल त्या जागेत, अवघड वळणं घेत बसावं लागलं. चाचणीत बॅगा फाटल्या, गाड्या अडकल्या. ऑक्टोबर १९९३ चं उद्घाटन फेब्रुवारी १९९५ पर्यंत लांबलं आणि जी काही यंत्रणा चालू झाली होती तीही २००५ साली सोडून द्यावी लागली. बॅगांचा मार्ग माणसांच्या मार्गाइतकाच आधी, त्याच कागदावर आखला पाहिजे.

पाट्या लावून आराखड्याची चूक झाकणं

माणूस जिथे थबकतो तिथे आणखी एक पाटी लावली जाते. मग पाट्यांची गर्दी होते आणि जाहिरातींमध्ये त्या हरवतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या शिपोल विमानतळावर १९६७ साली रचनाकार बेन्नो विसिंग यांनी रंगांनुसार पाट्यांची शिस्त बसवली, ती जगभर उचलली गेली. तिचं मर्म असं की वाट दाखवणारा रंग दुसऱ्या कशालाही वापरायचा नाही. पण सर्वांत चांगली खूण म्हणजे समोर दिसणारा पुढचा टप्पा. तपासणी ओलांडल्यावर विमानं दिसली तर पाटी फार लागत नाही. दुकानांतून नागमोडी वाट काढण्याचा मोह सगळ्यांना होतो, कारण दुकानांचं उत्पन्न खरंच महत्त्वाचं असतं. मात्र गेटला किती मिनिटं लागतील हे न कळलेला प्रवासी दुकानात रेंगाळत नाही, तो धास्तावून थेट गेटवर जाऊन बसतो. मिनिटांची पाटी दुकानांच्या आधी लावा. फायदा दुकानांचाच आहे.

कागदावर बारीक दिसणाऱ्या गोष्टी

विमानातून उतरल्यावरचं पहिलं स्वच्छतागृह पुरेसं मोठं हवं, कारण तिथे एका विमानाचे प्रवासी एकदम येतात. बायकांच्या बाजूला पुरुषांपेक्षा जास्त शौचकूप लागतात. लिफ्टचा हिशेब ट्रॉली आणि व्हीलचेअर धरून करावा. धूर बाहेर काढायची व्यवस्थाही सुरुवातीपासून आराखड्यात हवी. बर्लिनच्या नव्या विमानतळाचं जून २०१२ चं उद्घाटन मुख्यतः अग्निसुरक्षेतल्या दोषांमुळे काही आठवडे आधी रद्द झालं आणि दारं उघडायला ऑक्टोबर २०२० उजाडला.

उद्घाटनाची तारीख सांभाळायला चाचण्या कापणं

हीथ्रोचं टर्मिनल ५ मार्च २००८ मध्ये सुरू झालं. बांधकाम लांबल्यामुळे चाचण्यांना आणि प्रशिक्षणाला कात्री लागली होती. पहिल्याच दिवशी कर्मचाऱ्यांना गाडी लावायची जागा मिळेना, कामाच्या जागी पोचायला उशीर झाला आणि बॅगयंत्रणेच्या सॉफ्टवेअरमध्ये चाचणीच्या वेळची एक चाळणी (फिल्टर) तशीच राहून गेली होती, ती बाहेरचे संदेश अडवत होती. पहिल्या काही दिवसांत शेकडो उड्डाणं रद्द झाली आणि हजारो बॅगा मालकांपासून दुरावल्या. इमारत म्हणून ते टर्मिनल वाईट नव्हतं.

चाचणीसाठी फक्त तरुण कर्मचारी बोलावू नका. म्हातारी माणसं, मुलं, काठी घेऊन चालणारे, पहिल्यांदाच विमानात बसणारे, ती भाषा न वाचता येणारे, असे सगळे खऱ्या सामानानिशी यायला हवेत. त्यांच्याबरोबर सफाई कामगार, बॅगा चढवणारे आणि चहाचा गाडा ढकलणारेही आपापल्या वाटेनं, कामाच्या वेळेलाच आत आले पाहिजेत. नंतर, उद्घाटनाला सहा महिने झाले की, त्याच टप्प्यांवर पुन्हा घड्याळ लावून मोजा आणि मूळ हिशेबाशेजारी नवे आकडे लिहून ठेवा; विस्ताराची फाईल उघडेल तेव्हा सगळ्यात आधी तो कागद लागेल.