नवी मांजर अचानक अंगावर आली तर

मोठी मांजर दत्तक घेतली, चांगली मांडीवर बसायला लागली आणि एक दिवस कुरवाळतानाच कडकडून चावली. हा खुनशीपणा नव्हे. इशारा बहुतेकदा आधीच मिळालेला असतो: शेपटीचं टोक फटकारतं, पाठीची कातडी थरथरते, कान मागे वळतात. तिथेच हात थांबवा. खिडकीबाहेर दुसरं मांजर दिसलं, तरी त्याचा राग ती जवळच्या माणसावर काढते. अशा वेळी उचलायला जाऊ नका; खोलीत एकटी सोडा, शांत व्हायला काही तासही लागतात. मारणं-ओरडणं तर नकोच, भीती वाढते. ठरावीक जागी हात लागल्यावरच चिडत असेल तर कुठेतरी दुखत असू शकतं, पशुवैद्याला दाखवा. आणि चावलीच तर जखम साबण-पाण्याने भरपूर धुऊन डॉक्टर गाठा. दात बारीक असले तरी जखम आतून चिघळते.